शीव कुणाची, भाव कुणाचा

नारायणगाव नेमकं कुठे संपतं आणि वारूळवाडी कुठे सुरू होते, हे पुण्याहून आलेल्या माणसाला रस्त्यावर उभं राहून सांगता येणार नाही. दवाखान्याला लागून मेडिकल, मेडिकलला लागून मोबाइलचं दुकान, मागच्या गल्ल्यांत तीन-चार मजली इमारती. टपालखात्याच्या लेखी दोन्हीकडचा पिनकोड एकच, ४१०५०४. महसुली दप्तरात मात्र ही दोन गावं आहेत. ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, ग्रामसभा दोन, घरपट्टीची पावतीपुस्तकं दोन. इमारतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘नारायणगाव’ झळकतं आणि त्याच इमारतीतल्या फ्लॅटच्या खरेदीखतात ‘मौजे वारूळवाडी, तालुका जुन्नर’ असं लिहिलेलं असतं.

याला फसवणूक म्हणावं का? माझ्याच्याने म्हणवत नाही. नावालाही बाजार असतो. नारायणगाव म्हटलं की तमाशासम्राज्ञी विठाबाई आठवतात, सुपारी घ्यायला राहुट्या टाकून बसलेले तमाशाचे फड आठवतात, टोमॅटोचे ट्रक आठवतात. वारूळवाडी सांगितली तर मुंबईचा माणूस ‘ती कुठे आली?’ असं विचारतो. नारायणगाव सांगितलं तर थेट भाव विचारतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घेणाऱ्याला ते कळतं ताबा मिळाल्यावर, पाण्याची तक्रार घेऊन भलत्याच ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढल्यावर.

आळेफाट्याचं त्याहून मजेशीर आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. एसटी थांबते, पोलीस ठाणं आहे, कांद्याचा मोठा बाजार आहे. ‘फाट्यावर दोन गुंठे’ हे कित्येक नोकरदारांचं स्वप्न. पण महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा काढायला बसलात आणि गावांच्या यादीत आळेफाटा शोधलात, तर हाती काही लागणार नाही. जमीन असते आळ्याची किंवा वडगाव आनंदची. फाटा ही लोकांच्या तोंडची जागा आहे. तिची हद्द एजंटाच्या बोटाने ठरते आणि ते बोट दर दोन वर्षांनी थोडं पुढे सरकतं. पूर्वी फाट्यापासून चालत जाण्याच्या अंतराला ‘आळेफाटा’ म्हणत, आता मोटारसायकलच्या अंतरालाही म्हणतात.

आणि आंबेगाव? तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून, बाजारपेठ मंचरची. विधानसभेच्या आंबेगाव मतदारसंघात शिरूर तालुक्यातलीही गावं येतात, त्यामुळे राजकारणातलं आंबेगाव आणि महसुलातलं आंबेगाव यांचे नकाशे जुळत नाहीत. त्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द अशी आणखी दोन गावं आहेत, हवेली तालुक्यातली, २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलेली. मोबाइलवर ‘आंबेगावात घर’ असं शोधणाऱ्याला ही सगळी आंबेगावं एकाच यादीत दिसतात. भाव बघून जो हुरळतो किंवा घाबरतो, त्याने आधी तालुका वाचावा.

नावाचा हा घोळ तसा वरवरचा. चहा पिता पिता कोणीतरी सांगतं आणि मिटतो. खरी गंमत त्याच्या खाली आहे. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या घरावरून किंवा प्लॉटवरून एकाच वेळी पाच-सहा रेषा गेलेल्या असतात. प्रत्येक रेषा वेगळ्या खात्याने, वेगळ्या काळात, वेगळ्या कामासाठी ओढलेली. कुठली रेषा पैसे वाढवते, कुठली कर्ज अडवते, कुठली कर लावते. विकणारा त्यातली सोयीची तेवढी दाखवतो. बँक, निबंधक आणि आयकर खातं आपापली रेषा काढून बसतात. भावाची अर्धी घासाघीस या रेषांच्या मधल्या जागेत होते, असं माझं मत आहे.

सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत दुखरी रेषा गावठाणाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याचा. प्रत्यक्षात बहुतेक गावांची ही हद्द इंग्रजी अमदानीतल्या भूमापनातून आलेली, मंदिर-चावडीभोवतीच्या दाट वस्तीला घातलेलं कडं. पण या दोन तालुक्यांत माणूस गावठाणात राहिला कुठे? कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालवे आले, ऊस-द्राक्षं-टोमॅटो आले आणि शेतकरी शेतावर राहायला गेला. गावोगाव मळे, वाड्या, वस्त्या आडनावांनी ओळखल्या जातात. टोमॅटोच्या एखाद्या चांगल्या हंगामात मळ्यात दुमजली बंगला उभा राहतो, त्याला लिफ्टची जागासुद्धा सोडलेली असते. जमीन मात्र कागदावर शेतीची.

या बंगल्याचा मालक विकायला निघाला की पहिला कागद पुढे करतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा. त्यावर नाव असतं, घराचं वर्णन असतं, लांबी-रुंदी असते, शिक्का असतो. घेणाऱ्याला वाटतं, मालकी झाली. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते. तलाठ्याकडचा ‘आठ अ’ वेगळा, तो एका खातेदाराच्या एकूण जमिनीचा. दोन्ही आठच, आणि हा गोंधळ एवढा सार्वत्रिक आहे की व्यवहार करणारे अर्धे लोक एकाचं नाव घेऊन दुसरा दाखवतात. बँकेच्या पॅनलवरचा वकील दोन्ही बाजूला सारतो आणि विचारतो: बिगरशेतीचा आदेश आहे का, बांधकामाचा मंजूर नकाशा आहे का? नसेल तर कर्ज नाही. मग ते घर फक्त रोख पैसेवाल्याला विकता येतं, आणि रोख पैसेवाला त्याच्या हिशेबाने भाव पाडतो. ज्या मालकाने बांधताना ‘परवानगी कशाला, आपलीच जागा’ म्हणून पैसे वाचवले, तो विकताना त्याच्या कितीतरी पट सोडून देतो.

गावठाणाच्या आतल्यांचीही कथा फार वेगळी नव्हती. तिथे सातबारा नाही, बऱ्याच गावांत नगर भूमापन झालेलं नाही, म्हणजे मिळकत पत्रिकाही नाही. पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ योजना देशभर आणली. लोक भिंतीच्या कडेने चुना टाकतात, वरून ड्रोन जातो, मग चौकशी, हरकती, सनद. १८ जानेवारी २०२५ ला पंतप्रधानांनी एकाच दिवशी ६५ लाख मिळकत पत्रिका वाटल्याचं आपण वाचलं. योजना चांगलीच आहे. पण तिचा ड्रोन गावठाणाच्या कडेला येऊन परत फिरतो. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी गावठाण सोडून मळ्यात घर बांधलं, त्यांना तिचा उपयोग नाही. जुन्या गावातल्या पडक्या खोलीला पत्रिका मिळाली आणि मळ्यातला बंगला तसाच राहिला, असं एकाच कुटुंबात घडू शकतं.

कायद्याने मध्यंतरी एक दार किलकिलं केलं. संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेला कर भरून, निवासी वापरासाठी बिगरशेती मानली जाऊ लागली. या २०० मीटरने गावोगाव नवा धंदा निर्माण केला. प्लॉट १९० मीटरवर की २१०? मोजायचं कुठून? शेवटच्या घरापासून, की नकाशावरच्या गावठाणाच्या रेषेपासून? उत्तर नकाशावरची रेषा हेच आहे. पण जाहिरातीत ‘गावठाणालगत’ म्हणताना शेवटचं घर धरलेलं असतं, कधी शेवटचं हॉटेलसुद्धा. गट एकच असून त्याचा पुढचा तुकडा आत आणि मागचा बाहेर असाही प्रकार होतो, आणि प्लॉट पाडणारा सगळ्यांना पुढच्याच तुकड्याचा कागद दाखवतो.

एक-दोन गुंठ्यांचा विषय याच्याशी जोडलेला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला. १२ जुलै २०२१ च्या नोंदणी खात्याच्या परिपत्रकाने गुंठ्याचे दस्त अडले; मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं; पुढे २०२५ च्या जुलैत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधिमंडळात शिथिलतेची घोषणा केली. तीतही मुद्दा हद्दीचाच: शहरी हद्दीतले आणि गावठाणालगतच्या पट्ट्यातले तुकडे. चार वर्षांत एकाच प्लॉटचा मालक आधी विक्रेता, मग अडकलेला, मग पुन्हा विक्रेता झाला. या काळात गुंठे ‘सामाईकात’ घेतले गेले. दहा-बारा अनोळखी माणसं एका सातबारावर सहहिस्सेदार, कुणाचा तुकडा कुठला याची खूण फक्त तारेच्या कुंपणाला. त्यातला एक विकायला निघाला की बाकीचे जागे होतात.

सरकारी तक्त्याची रेषा निराळी. दरवर्षीचा बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे लोकांच्या भाषेत रेडीरेकनर, ग्रामीण भागात गाव हे एकक धरतो. व्यवहाराची रक्कम आणि तक्त्यातली रक्कम यांतली जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क. एप्रिल २०२५ च्या तक्त्यात ग्रामीण भागाची वाढ सरासरी ३.३६ टक्के होती, नगरपरिषदा-नगरपंचायतींची ४.९७. म्हणजे गाव ‘ग्रामीण’ या खान्यातून ‘नगर’ या खान्यात गेलं की भाव वाढण्याचा वेगही बदलतो. फाट्यावर जागा पडेल भावात मिळाली म्हणून खूश झालेल्याला दुसराही धक्का बसतो: तक्त्यातली किंमत कराराच्या किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर एरवी तो फरक आयकर खातं विकणाऱ्याच्या नफ्यात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नातही धरू शकतं.

मंचरकरांनी हे खाना बदलणं अनुभवलं. ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली. रस्ते-गटारांच्या आशेने बहुतेकांनी स्वागत केलं, करवाढीच्या धास्तीने काहींनी नाकं मुरडली. शेजारच्या निघोटवाडी, शेवाळवाडीसारख्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतली घरं मंचरचाच बाजार वापरतात, तिथल्या प्लॉटची जाहिरातही मंचरच्या नावाने होते, कारभार मात्र पंचायतीचा. यातला एक परिणाम फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असतो. आयकर कायद्यात ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन ‘ग्रामीण’ राहत नाही. अंतर रस्त्याने मोजायचं नाही, हवाई धरायचं. जुन्नर नगरपरिषदेच्या भोवती हे दोन किलोमीटरचं वर्तुळ आहेच. नगरपंचायत झाली की शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या जमिनीवरही असं वर्तुळ येऊन पडतं. त्याने मतदान केलेलं नसतं, त्याच्या सातबाऱ्यावर एक अक्षर बदललेलं नसतं. खरेदीखत झाल्यावर सनदी लेखापाल सांगतो, तेव्हा पैसे मुलीच्या लग्नात खर्च झालेले असतात.

खेड घाट ओलांडून पेठ गावात आलं की आणखी एक अदृश्य रेषा मागे पडते. २०१५ मध्ये स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) खेड तालुक्यापर्यंत येऊन थांबतं. आंबेगाव आणि जुन्नर त्याच्या बाहेर. इथे १९९७ ची पुणे प्रादेशिक योजना आणि राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, परवानगीसाठी जिल्हाधिकारी आणि नगररचना खातं. एजंट याचा दोन्ही बाजूंनी वापर करतात. एका गिऱ्हाइकाला ‘इथे पीएमआरडीएची कटकट नाही’, दुसऱ्याला ‘उद्या पीएमआरडीए येणारच, मग बघा भाव’. दोन्ही वाक्यं एकाच दिवशी एकाच माणसाच्या तोंडून निघू शकतात आणि पहिलं निदान खरं तरी असतं. कटकट नाही याचा दुसरा अर्थ, समोरच्या मोकळ्या रानात उद्या काय येईल हे सांगणारा बारीक नकाशाही नाही.

भविष्याच्या भरवशावर भाव चढवणाऱ्या रेषांत पुणे-नाशिक मध्यम-उच्चगती रेल्वेची रेषा सगळ्यांत ताजी. मंचर, नारायणगावच्या बाजूने जाणारा मार्ग आखला गेला, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामात रेल्वेचा अडथळा येईल हा मुद्दा निघाला आणि रेल्वेने तो मार्ग बाजूला ठेवला. आधी महामार्गाच्या बाह्यवळणांनीही असेच भाव हलवले होते: जुन्या रस्त्यालगतचं ‘हायवे टच’ एका रात्रीत गावातला रस्ता झालं आणि मागचं रान हायवे टच.

पश्चिमेकडे चढायला लागलं की रेषा दाटतात. जुन्नर आणि आंबेगावचा डोंगरी पट्टा १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्र आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही गावं. अनेक शहरी खरेदीदारांचा समज असा की ‘पेसा’ म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या गावाच्या शिवेबाहेर आलो की आदिवासींची जमीन घ्यायला मोकळे. तसं नाही. संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंदी खातेदार आदिवासी आहे यावरून लागते, गाव कुठलं यावरून नाही, आणि ती राज्यभर आहे. बिगरआदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्याची आणि शासनाची मंजुरी लागते. ही बंदी मोडण्यासाठी साठेखतं, कुलमुखत्यारपत्रं, नव्याण्णव वर्षांचे भाडेपट्टे असे सगळे उद्योग झालेले आहेत. स्वस्तात मिळालेला सह्याद्रीचा देखावा पुढे कधीच विकता येत नाही, एवढं तरी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. जमीन ज्याची गेली त्याचं काय, हा तर त्याहून मोठा प्रश्न. धरणांच्या लाभक्षेत्रातल्या सातबाऱ्यांवर, इतर हक्काच्या रकान्यात, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा असतो तो निराळाच. बारीक अक्षरात असतो, आणि तो कमी केल्याशिवाय दस्त पुढे सरकत नाही.

शिवनेरी आणि लेण्याद्रीसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढे २०० मीटर नियमन. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाल्यापासून ‘किल्ला दिसणारा प्लॉट’ ही जाहिरात फार चालते. किल्ला जितका चांगला दिसतो तितकी परवानगी अवघड, हे त्यात लिहिलेलं नसतं. पश्चिम घाटाच्या बाबतीत तर दोन समित्यांनी रेषेचं एककच वेगळं धरलं. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये तालुका आणि चौकोन धरून विचार केला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये गाव धरलं. २०१४ पासून प्रारूप अधिसूचना निघत राहिल्या, जुलै २०२४ मध्ये पुन्हा निघाली. त्यातली बांधकामाची बंदी २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना आहे, कोणाच्या चार खोल्यांना नाही. तरी ‘गाव यादीत आहे’ या चार शब्दांनी भाव पाडले जातात, आणि पाडणारे बहुधा तेच असतात ज्यांना तिथे घ्यायचं असतं.

एक रेषा मात्र कुठल्याच दस्तात नव्हती. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला, १५१ माणसं गेली. पुढे आमडे इथे नवं गाव वसवून २०१७ मध्ये घरं दिली. सातबाऱ्याला पिकाचा रकाना आहे, विहिरीचा आहे, झाडांचा आहे. वरच्या उताराचा नाही. नियमावलीत एकास पाचाहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे, पण बंगल्यासाठी जागा बघायला आलेला माणूस खाली दरीकडे बघतो, मागे वळून डोंगराकडे क्वचितच.

या सगळ्यांत शेवटची रेषा म्हणजे बांध. पुणे जिल्ह्यातच, इंदापूरला, १८३६ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड यांची मोजणीची पद्धत उभी राहिली. तेहतीस फुटी साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. सातबारा आता हेक्टर-आरमध्ये, आणि आर भरतो १०७६ चौरस फूट. बोली गुंठ्याची, कागद आरचा. दहा गुंठ्यांमागे सव्वाशेहून जास्त फूट हवेत जातात. सर्व्हे नंबरचे एकत्रीकरणात गट झाले, तेव्हा वहिवाट एकीकडे आणि गट दुसरीकडे असे घोळ झाले ते अजून निस्तरतायत. खरेदीखतातली चतुःसीमा तर शेजाऱ्यांच्या नावांनी लिहायची: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस रस्ता. अमका वारून तीस वर्षं झाली, रस्ता नांगरला गेला, तरी दस्तात तेच उतरत राहतं. इंग्लंडमध्येही नोंदणी नकाशावरची रेषा साधारण हद्द समजली जाते, काटेकोर नाही. पण तिथे मालकीला सरकारची हमी असते. आपल्याकडे १९०८ च्या कायद्याने दस्त नोंदला जातो, मालकी नव्हे.

म्हणून जाणते लोक विसार देण्याआधी मोजणी मागतात. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, शुल्क, तारीख, मग रोव्हर घेऊन भूकरमापक येतो आणि काही दिवसांनी ‘क’ प्रत मिळते. घाईत असलेला विक्रेता म्हणतो, ‘कशाला, पिढ्यान्‌पिढ्या बांध हाच आहे.’ तो खरंही बोलत असेल. मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते आणि त्या दिवशी ते सगळे बांधावर येऊन उभे राहतात. कुणी सांगतं की विहिरीवर आमचा निम्मा हक्क आहे, कुणी सांगतं की गाडीवाट आमच्या हद्दीतून आहे, कुणी नुसतंच विचारतं, ‘घेणारे तुम्ही का?’ वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये जे आलेलं नसतं त्यातलं बरंच तिथे तासाभरात कळतं. भाव त्यानंतर पुन्हा एकदा ठरतो.